मे महिन्यातली एका दिवसाची सहल, लहान मुलांसकट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी दोन मुलं, थोरली आठ वर्षांची आणि धाकटा चार. राहतो पुण्यात. दर वर्षी शाळेला सुट्टी लागली की सोसायटीतल्या नव्या आई-बाबांचे तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. पुण्याहून सकाळी निघून त्याच दिवशी घरी परतणाऱ्यांसाठी ही आहेत आणि मुलं साधारण एक ते आठ वर्षांची धरली आहेत. मुक्कामाच्या एक-दोन जागा ओघात आल्या आहेत.

एवढ्या उन्हात मुलांना बाहेर न्यायचंच कशाला?

कारण सुट्टी उन्हाळ्यातच असते. दिवाळीतला निम्मा वेळ फराळ आणि पाहुण्यांत जातो, पावसाळ्यात शाळा असते. उरतात मे आणि जूनचे पहिले पंधरा दिवस. विदर्भातल्या मुलांना तर जूनअखेरपर्यंत सुट्टी, कारण तिथलं ऊन शाळेलाही परवडत नाही. शिवाय घरात राहिलं तरी मुलं थंड डोक्याने बसतात असा कुणाचा अनुभव असेल तर मला कळवावा.

प्रश्न उन्हात न्यायचं की नाही हा नाहीच. दिवसातल्या कोणत्या तासांना न्यायचं, हा आहे.

मग निघायचं किती वाजता?

साडेपाच-सहाला. हे ऐकून निम्मे लोक इथेच वाचणं सोडतात, पण उन्हाळी सहलीचं सगळं गणित याच्यावर आहे. सहाला निघालात तर सातला ठिकाणावर पोचता. सात ते साडेदहा हे सोन्यासारखे साडेतीन तास. अकरानंतर मूल सावलीत किंवा छपराखाली हवं, ते चार वाजेपर्यंत. चारनंतर पुन्हा दोन-अडीच तास मिळतात. सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही वापरायच्या हट्टाने दुपार कुठेतरी हॉटेलात काढणं मोठ्यांना जमतं, तीन वर्षांच्या मुलाला नाही. आम्ही सकाळ निवडतो, दीडला घरी येतो आणि पंख्याखाली चौघंही आडवे होतो.

मुलांना पहाटे उठवताना रडारड होते म्हणाल, तर उठवूच नका. आदल्या रात्री बाहेर जायचे सुती कपडे घालूनच झोपवायचं आणि झोपलेलं मूल उचलून गाडीत ठेवायचं. दात घासणं ठिकाणावर. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही.

एका दिवसात किती ठिकाणं होतात?

एक.

थोरली तीन वर्षांची असताना आम्ही महाबळेश्वरला एका दिवसात सात पॉइंट केले. प्रत्येक ठिकाणी गाडी लावायची, मुलीला उतरवायचं, दरी दाखवायची, फोटो काढायचा, पुन्हा गाडीत. चौथ्या पॉइंटला तिने बूट काढून फेकला. घरी आल्यावर आजोबांनी विचारलं, काय काय पाहिलं? म्हणाली, ‘कुत्र्याचं पिल्लू.’ ते पिल्लू चहाच्या टपरीमागे होतं आणि आम्ही तिला तिथून ओढून आणलं होतं, उशीर होतोय म्हणून.

तेव्हापासून एक दिवस, एक जागा. वाटेत पिल्लू भेटलं तर तीच सहल.

पुण्यातल्या पुण्यात कुठे नेता येईल?

माझी पहिली पसंती रेसकोर्सजवळच्या एम्प्रेस गार्डनला. ३९ एकरांची जुनी बाग, नाव राणी व्हिक्टोरियावरून पडलेलं. झाडं एवढी मोठी की मे महिन्यातही खाली गार वाटतं. झाडांवर चढलेल्या जाड वेलींच्या वेटोळ्यांवर आमचा धाकटा अर्धा तास ‘साप, साप’ करत होता. इथे करण्यासारखं काही नाही, हीच या जागेची खुबी. चटई टाका, मुलांना काटक्या गोळा करू द्या.

कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १३० एकरांवर पसरलेलं आहे आणि बुधवारी बंद असतं. हा बुधवार लक्षात ठेवा. आम्ही एका बुधवारी बंद दरवाज्यासमोर दोन रडणारी मुलं घेऊन उभे राहिलो आहोत. चूक सर्वस्वी आमची. सकाळी उघडल्या उघडल्या आत शिरा, कारण दुपारी प्राणीही शहाणे असतात, सावलीत जाऊन झोपतात आणि आपण काठीसारखे पिंजऱ्यासमोर उभे. अंतर बरंच आहे. चार वर्षांखालचं मूल असेल तर पूर्ण फेरीचा हट्ट धरू नका. हत्ती, वाघ आणि सर्पोद्यान एवढ्यात त्याचं पोट भरतं.

सारसबागेशेजारच्या पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ पासून धावते आहे. आमच्या घरात तीन पिढ्या तिच्यात बसल्या. फेरी छोटी असते आणि मूल लगेच ‘अजून एकदा’ म्हणतं, तेव्हा दुसऱ्या फेरीचे पैसे मनात धरूनच जा. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली आहे. तिथले पाण्यातले मोठाले रंगीत मासे लहान मुलांना फार आवडतात, पण ती बघत फिरण्याची बाग आहे, हुंदडण्याची नाही. ज्या वयात मूल फक्त पळतं त्या वयात तिथे नेलं तर सारखं ‘अरे नको, अरे थांब’ करत बसावं लागतं.

एक सूचना. पुण्यातल्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात. दुकानांनी घालून दिलेली परंपरा बागाही पाळतात.

दुपार बाहेरच काढायची वेळ आली तर?

छपराखालच्या दोन जागा सांगते. कोथरूडमधलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय ही पहिली. छोट्या गाड्या, सिग्नल, बोगदे, सगळं हलतं-बोलतं. रेल्वेवेडं मूल असेल तर दुसरा विचारच नको.

दुसरं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने हे उभं केलं. संग्रहात वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत. ‘एवढ्या लहान मुलांना काय कळणार?’ असं सगळे म्हणतात. काहीच समजावू नका. आत शिरताना एकच काम द्या: दिव्यांवर, अडकित्त्यांवर, दारांवर किती प्राणी लपलेत ते शोध. मोर, हत्ती, पोपट मोजत आमच्या थोरलीने दीड तास काढला. बाहेर आल्यावर तिने घरातला अडकित्ता मागितला. तो दिला नाही.

सिंहगडावर दोन-तीन वर्षांचं मूल नेता येईल का?

येईल. गाडी वरपर्यंत जाते, पुण्यापासून अंतर तीसेक किलोमीटर. पण रविवारी आठनंतर घाटात गाड्यांची रांग लागते आणि रांगेत उलटी करणारं मूल हा अनुभव मी कुणालाही सुचवणार नाही. शनिवारी किंवा मधल्या वारी जा, सातच्या आत वर असा. समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास उंची असल्याने सकाळची हवा खरंच गार असते. आम्ही एप्रिलअखेरीस धाकट्याला आजोबांच्या उपरण्यात गुंडाळलं होतं.

वर गेल्यावर देवटाक्यापर्यंत चाला. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे कसे चढले हे पाच-सहा वर्षांच्या मुलाला डोळे विस्फारून ऐकायला आवडतं, तेव्हा समाधीपाशी बसून गोष्ट जरूर सांगा, पण कड्यापाशी मुलाचा हात, बोट नव्हे, मनगट धरा. पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही हे सकाळी नऊलाच उरकून घ्या. बाहेरचं दही मुलाला सोसेल का, असं विचाराल तर गर्दीच्या दिवशी सकाळी लवकर घेतलेलं मडकं ताजं असतं, दुपारी उन्हात बसलेलं मी देत नाही.

चढून जायचं का? पायथ्यापासून चढताना वाटेत सावली कमी. सहा वर्षांच्या आतलं मूल अर्ध्यावर ‘उचल’ म्हणतं आणि मग पंधरा किलो वजन घेऊन तुमचा व्यायाम होतो. तो पावसाळ्यानंतर करा.

माथेरान एका दिवसात जमतं का?

जमतं, दमतं. कर्जतला उतरून लोकलने नेरळ, तिथून टॅक्सीने दस्तुरी नाका. पुढे बाहेरच्या गाड्यांना बंदी. ही बंदीच माथेरानचं खरं सुख आहे. रस्त्यावर मुलाचा हात सोडता येतो अशी दुसरी जागा मला आपल्याकडे आठवत नाही (घोडे आणि ई-रिक्षा तेवढ्या बघायच्या). अमन लॉजहून माथेरान बाजारापर्यंत छोट्या गाडीची शटल आहे. नेरळहून वर येणारा हा रुळमार्ग १९०७ चा. मुलांसाठी ती शटल हीच मुळी सहल असते, बाकी पॉइंट नाही झाले तरी चालतात.

लाल माती कपड्यांतून जात नाही. जुने कपडे घाला, पांढरे मोजे तर नकोतच. माकडं हातातली पिशवी ओढतात, तेव्हा खाऊ उघडा धरून चालू नका आणि त्यांना काही देऊही नका. दिलेल्या एका बिस्किटामागून दहा माकडं येतात. घोड्यावर लहान मुलाला एकटं बसवू नका, घोडेवाला कितीही ‘काय नाय होत, ताई’ म्हणाला तरी.

महाबळेश्वर-पाचगणीला नवीन काय?

भिलार. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालं आहे. गावातल्या घरांत, देवळात, शाळेत मराठी पुस्तकं ठेवलेली असतात. कुणाच्याही पडवीत बसा आणि वाचा, विकत घ्यायची गरज नाही. बालसाहित्य असलेलं घर विचारून घ्या, थेट तिथे जा. आमची थोरली तिथल्या ओट्यावर पाय हलवत दोन तास वाचत बसली, धाकट्याने त्या वेळात घरच्या आजींच्या कोंबड्या मोजल्या. स्ट्रॉबेरीचा हंगाम मात्र मे महिन्यात संपत आलेला असतो, त्या आशेवर जाऊ नका.

समुद्रावर जायचं म्हणतात मुलं.

पुण्याहून एका दिवसात नको. जाताना चार तास, येताना चार तास आणि मधे भर दुपारची वाळू. निदान एक मुक्काम करा. कोकणातल्या मे महिन्याची हवा दमट असते, घाम वाळत नाही, म्हणून पुण्यापेक्षा तापमान कमी दिसलं तरी मुलं जास्त थकतात.

पाण्यात उतरायच्या आधी भरती-ओहोटी बघा. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारी-मध्यरात्री बाराच्या सुमारास. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हाच हिशेब चालतो. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. तिथी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत असतेच. हा अंदाज झाला. किनाऱ्यावर पोचल्यावर गावातल्या कोळ्याला विचारा आणि तो जे सांगेल ते अंतिम माना. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, त्या दिवशी मुलांना फक्त ओल्या वाळूत खेळू द्या. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं, आणि लहान मूल गुडघाभर पाण्यातही पडतं. मी पाण्यात मुलाच्या हाताच्या अंतरावर उभी राहते, फोन नवऱ्याकडे, आणि नवऱ्याने तो वाळूत बसून वापरायचा. दोघांपैकी एकाचे डोळे सतत पाण्यावर, बदली करताना तोंडाने सांगून: ‘आता तू.’

वार्षिक परीक्षा लवकर संपली तर मार्च-एप्रिलमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जा. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, सकाळी आणि संध्याकाळी. पिल्लं त्या दिवशी निघतीलच याची खात्री नसते. मुलांना हे आधी सांगून ठेवा.

आणि काजवे?

मेच्या अखेरीपासून पाऊस बसेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या बाजूला झाडंच्या झाडं लुकलुकतात. पण बघायची वेळ रात्रीची, रस्ते घाटाचे, आणि अलीकडे गर्दी अशी की गाड्यांच्या दिव्यांतच काजवे हरवतात. पाच वर्षांखालच्या मुलाला मी नेणार नाही. मोठ्यांना नेलंत तर गावातच मुक्काम करा, टॉर्च आणि फ्लॅश बंद. काजवे लुकलुकून जोडीदार शोधतात, आपल्या उजेडाने त्यांचा निरोप चुकतो. बाटलीत भरून आणायचे नाहीत, हे मुलांपेक्षा बाबांना जास्त सांगावं लागतं.

पाणी किती द्यायचं?

मूल मागेल तेव्हा द्यायचं असं ठरवलंत तर उशीर झालेला असतो. खेळात गुंतलेलं मूल पाणी मागत नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार-पाच घोट, हाक मारून. थर्मासपेक्षा ओलं फडकं गुंडाळलेली साधी बाटली आमच्याकडे चालते. सोबत कोकम सरबत किंवा पन्हं, दोन्हींत चिमूटभर मीठ असतं ते कामाला येतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र वरचं पाणी द्यायचं नाही, उन्हाळा असला तरी. त्याला आईचं दूधच जास्त वेळा पाजायचं.

जलसंजीवनीचं पाकीट पिशवीत ठेवा. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं असावं, आणि एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं. अर्ध्या ग्लासात कालवून ‘जरा कडक’ करायची गोष्ट नाही ही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ; चमचा लहान, चहाचा.

ऊन लागलंय हे कसं ओळखायचं?

आधी चिडचिड, मग मलूलपणा. चेहरा लाल, डोकं दुखतं म्हणतं, शू बराच वेळ झालेली नाही किंवा झाली तर गडद पिवळी. या पायरीवरच सावली, सैल कपडे, ओलं फडकं आणि घोटाघोटाने जलसंजीवनी. बहुतेक वेळा अर्ध्या तासात पोर पुन्हा उड्या मारायला लागतं, तरी त्या दिवसाची सहल संपली असं समजून घरी या.

अंग भट्टीसारखं तापलंय, मूल बरळतंय, हाकेला ओ देत नाही, उलट्या थांबत नाहीत किंवा झटका आला, तर घरगुती काही नको. १०८ ला फोन करा, तोवर कपडे काढून अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही का? कांद्याने ऊन थांबत नाही, आजीचं मन राहतं. आणि परत येताना भेळेत चिरायला होतो.

गाडीत मुलाला ‘दोनच मिनिटं’ म्हणून ठेवून जाऊ नका. काच थोडी उघडी ठेवूनही नाही. उभ्या गाडीतली हवा बघता बघता तापते.

रस्त्यावरचा उसाचा रस, बर्फाचा गोळा द्यायचा का?

रस द्या, बर्फ नको. चरकासमोर उभं राहून, आलं-लिंबू घालायला सांगून, ताजा काढलेला. बर्फ कशाच्या पाण्याचा ते कुणालाच ठाऊक नसतं. गोळ्याचं म्हणाल तर मी घरी करते, किसणीवर, कोकमाचं आगळ घालून. बाहेरच्या काळ्या-खट्ट्याची सर त्याला येत नाही हे मला मुलांनी तोंडावर सांगितलं आहे.

रानमेवा मात्र सोडू नका. घाटात द्रोणात करवंदं, जांभळं घेऊन बसलेल्या मावशी भेटतात. घ्या, पाण्याने धुवा, द्या. ताडगोळे सोलून. चार वर्षांच्या आतल्या मुलाला जांभळाची बी काढून, आणि शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं धावत्या गाडीत अजिबात नाही. घशात अडकतात.

डब्यात काय न्यावं?

दशम्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या, गुळाच्या केल्या तर दुसरं काही लागत नाही. धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी. उकडलेल्या बटाट्याची भाजी आणि ओल्या नारळाची चटणी उन्हात बाराच्या आत आंबते, ती घरी आल्यावर. काकडी-कलिंगड कापून नेऊ नका, अख्खं न्या आणि तिथे कापा. सुरी कुणाकडे आहे हे घरातून निघतानाच ठरवा.

शू-शीचं काय करता?

खरं तर हा प्रश्न सगळ्यात वर हवा होता. निघताना एकदा, पोचल्यावर एकदा, ‘लागली नाही’ म्हणालं तरी. गाडीत प्लॅस्टिकची छोटी पोटी, आडोशाला एक जुनी साडी किंवा मोठी ओढणी, पाण्याची वेगळी बाटली, साबणाचा तुकडा, कागद आणि बंद होणारी पिशवी. कचरा त्या पिशवीतून घरी आणायचा, झुडपात टाकायचा नाही. कपड्यांचे दोन जोड मुलाचे आणि, हे कुणी सांगत नाही, एक कुर्ता स्वतःचा.

दुचाकीवरून नेलं तर?

जवळपास ठीक, घाटात नको. चार वर्षांखालच्या मुलासाठी दुचाकीवर हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा लागतो आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायचा नाही, हा केंद्राचा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. चारचाकीत चौदा वर्षांखालच्या प्रत्येकाला पट्टा किंवा मुलांची सीट हवी, नाहीतर हजार रुपये दंड. पुढे मांडीवर घेतलेलं मूल म्हणजे गचका बसला की तुमच्या आधी काचेवर जाणारं मूल. आमच्या धाकट्याने सीटवर पहिले तीन दिवस आकांत केला, चौथ्या दिवशी त्यात झोपला.

एसटीला विसरू नका. पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं, बायकांना २०२३ पासून निम्मं, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. आमच्या सहा जणांच्या कुटुंबात पूर्ण तिकीट एकाच माणसाचं निघतं: मुलांच्या बाबांचं. सासरे शहात्तरचे आहेत, कंडक्टरला आधार कार्ड ऐटीत दाखवतात.

आजी-आजोबांना बरोबर न्यावं की दोन पिढ्यांची दगदग नको?

न्यावं. एकाने मुलांमागे पळायचं, एकाने आजींबरोबर बाकावर बसायचं, असं वाटून घ्या. पण त्यांच्या गुडघ्यांना विचारून जागा ठरवा. आमच्याकडे बनेश्वर सगळ्यांना मानवतं. सातारा रस्त्यावर नसरापूरजवळ, गर्द झाडीतलं शंकराचं देऊळ, पेशव्यांच्या काळातलं. आजींचा देव होतो, मुलांचं रान होतं.

देवळांवरून आठवलं: फरशी अकरानंतर तव्यासारखी तापते. मुलांना जाडे मोजे घालून ठेवा, ते घालून प्रदक्षिणा करता येते. कुणी हरकत घेतलीच तर मुलाचे पाय दाखवा.

वॉटरपार्क?

मधल्या वारी, उघडल्या उघडल्या, मुलांच्या उथळ हौदाशी. हवेच्या फुगीर बाह्या घातल्या म्हणून निश्चिंत होऊ नका. बुडणारं लहान मूल ओरडत नाही, गपचूप खाली जातं. बाकी या ठिकाणांबद्दल माझं मत विशेष चांगलं नाही. मोठे रांगेत, लहान रडत.

किल्ल्यावर मधमाश्या उठल्या तर?

कड्यांना, लेण्यांना, जुन्या झाडांना आग्या मोहोळं असतात. उन्हाळ्यात माश्या चिडक्या. जवळपास धूर नको, दगड नको, आरडाओरडा नको, अंगाला अत्तर नको. उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका. मुलाचं तोंड-डोकं ओढणीने झाका, उचला आणि लांब पळा, बंद जागा मिळेपर्यंत. खूप डंख झाले किंवा ओठ-डोळे सुजले, श्वास लागला, तर सरळ दवाखाना.

गाडी नाही, रजा नाही, पैसेही बेताचे. मग?

मग गच्ची आहे, आणि ती मला बहुतेक सहलींपेक्षा जास्त आवडते. वाळवणांचे दिवस असतात. कुरडयांचा चीक ढवळताना वाटीभर मुलांना काढून द्या, पापडाच्या लाट्या तेलात बुडवून खाऊ द्या, मग कावळे हाकलायची नोकरी लावा. आमच्या धाकट्याने सकाळी सात ते नऊ काठी घेऊन पहारा केला आणि पगार म्हणून सहा लाट्या घेतल्या. पहाऱ्यात कावळ्यांनी नेले त्याहून जास्त सांडगे त्याने स्वतः खाल्ले, तो हिशेब आम्ही काढला नाही.

संध्याकाळी मोठं घंगाळ भरा, दोन तांबे, एक गाळणी, एक फनेल. तास जातो. ते पाणी नंतर कुंड्यांना. खाली सोसायटीत डबा ऐसपैस, लगोरी, विषामृत. नियम तुम्हाला आठवत नसतील तर वॉचमनकाकांना विचारा, त्यांना हमखास माहीत असतात.

आणि शून्य सावलीचा दिवस. पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६, कोल्हापुरात त्याआधी आठवडाभर, नाशिकला २० च्या आसपास, नागपूरला २६ ला. सूर्य त्या दिवशी बरोबर डोक्यावर येतो आणि साडेबाराच्या सुमारास सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच जाते. जुलै-ऑगस्टमध्ये हे पुन्हा होतं, पण तेव्हा ढग असतात. गच्चीत स्टीलचा पेला उपडा ठेवा आणि पाचच मिनिटांसाठी, टोपी घालून, मुलांना वर न्या. आमच्या धाकट्याने सावली पेल्याच्या आत लपली असेल म्हणून पेला उचलून बघितला.

मूल मधेच ‘घरी जायचं’ म्हणालं तर?

घरी जायचं. तिकिटाचे पैसे वसूल व्हायचे राहिले म्हणून मुलाला ताणू नका. अर्धी झालेली सहल पुढच्या वेळी पूर्ण करता येते. रडत संपलेल्या सहलीनंतर मूल पुढच्या वेळी बूटच घालत नाही.

आणि वळवाचा पाऊस आला तर?

मे महिन्यात दुपारी चारनंतर आभाळ एकदम काळवंडतं, आधी धुळीचा वारा, मग टपोरे थेंब. विजा चमकत असतील तर झाडाखाली थांबू नका, उघड्या मैदानात आणि पाण्यातही नाही. गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जा. जाहिरातींच्या मोठ्या फलकांपासून लांब. गाडी चालवत असाल तर बाजूला घेऊन दिवे लावून थांबा, अर्ध्या तासात ओसरतो.

गेल्या वर्षी आम्ही बनेश्वरहून परत येताना असेच एका हॉटेलच्या छपराखाली अडकलो. पत्र्यावर गारा इतक्या जोरात वाजत होत्या की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. थांबल्यावर मुलं दशम्यांचा रिकामा डबा घेऊन अंगणात धावली. डबा भरून गारा घरी आणल्या, फ्रीजमध्ये ठेवल्या. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हाही त्या वरच्या कप्प्यात होत्या. त्यांना हात लावायची मला परवानगी नव्हती.